एकही घामोळं नाही

जुईच्या लग्नात प्रभाकर भुयारांच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती.

पहिला, जावई. तो सगळ्याच बापांना मिळतो, म्हणून धरायचा नाही. दुसरे, व्याही. अमरावतीच्या काळमेघांच्या संस्थेच्या शाळा अर्ध्या वऱ्हाडात होत्या आणि त्या प्रत्येक शाळेला आता वातानुकूलित बालवाडी काढायची होती. तिसरा लाभ भुयारांच्या लेखी सगळ्यात मोठा. लग्न मे महिन्यात, भर दुपारच्या मुहूर्तावर, उघड्या मांडवात लागणार होतं आणि भुयारांची लेक अख्ख्या अकोल्यादेखत बोहल्यावर उभी राहणार होती. ती एकदा उभी राहिली, की ढोक डॉक्टरीणबाईंचं तोंड बंद. ते बंद झालं, की गोदामात धूळ खात पडलेले पाळणे पुन्हा हलायला लागणार.

एवढं सगळं एका मुहूर्तात. आणि त्यासाठी जुईनं करायचं काय, तर नुसतं उभं राहायचं.

आडनाव भुयार आणि धंदा एसीचा, हा योग जुळवायला ज्योतिषी लागत नाही. दुकानाच्या पाटीवर ‘नावातच गारवा’ असं लिहिलेलं होतं, आणि गिऱ्हाइकांना तो विनोद एकदा तरी ऐकावाच लागे. पण भुयारांचं नाव झालं ते पाळण्यामुळे. जुई जन्मली त्या उन्हाळ्यात अकोल्याचा पारा असा चढला होता, की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. तान्ही पोर रडून रडून लाल झाली. भुयारांनी एका छोट्या एसीचं यंत्र उघडलं, लाकडी पाळण्याला काचेचं झाकण बसवलं, नळी जोडली आणि पोरीला आत ठेवलं. पोर झोपली. हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं : पहिला पाळणा त्यांनी विकायला केला नव्हता.

दुसरा मात्र विकायलाच केला. शेजारीण बघून गेली, मग तिची बहीण, मग सगळी कॉलनी. वर्षभरात एका मोठ्या कंपनीनं पाळण्याची कल्पना उचलली आणि भुयारांना पाच जिल्ह्यांचं वितरण दिलं. जाहिरातीत जुईचाच फोटो होता. गोरीपान, गुटगुटीत, काचेआड हसणारी. खाली ठळक अक्षरांत : ‘अकोल्याचा उन्हाळा, आणि एकही घामोळं नाही!’

हे वाक्य भुयार पुढे कुणालाही ऐकवत. लग्नात, बारशात, मयतीत सुद्धा. “माह्या पोरीले जन्मात एक घामोळं नाही आलं जी. एक दाणा नाही.” आणि ऐकणाऱ्या बाया आपल्या पोरांच्या माना पदराखाली झाकत.

दोन हजार चाळीस सालानंतर मात्र ही पाळण्यातली पोरं मोठी होऊन बाहेर पडली आणि पटापट पडायला लागली. पोलीस भरतीच्या मैदानावर, वीज गेलेल्या परीक्षेच्या हॉलमध्ये, मोटार बंद पडली म्हणून रस्त्यात उभी असताना. धडधाकट, विशीतली. अंगात भट्टीसारखा ताप आणि कातडी मात्र पापडासारखी कोरडी. लोक त्याला ‘कोरडा ताप’ म्हणायला लागले. डॉ. सीमंतिनी ढोक या अकोल्यातच त्वचेचा अभ्यास करणाऱ्या बाई. अशा पोरांच्या कातडीचे ठसे घेत त्यांनी काही वर्षं काढली आणि मग एका व्याख्यानात सगळं सांगून टाकलं.

त्यांचं म्हणणं असं. माणूस जन्मतो तेव्हा त्याच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात; पण असणं वेगळं आणि कामावर रुजू होणं वेगळं. पहिली दोन-अडीच वर्षं शरीर अंदाज घेत असतं, की आपण कुठल्या मुलखात येऊन पडलो. ऊन लागलं, तर मज्जातंतू एकेका ग्रंथीला जाऊन कामाला लावतात. ऊन लागलंच नाही, तर ग्रंथी निजलेल्याच राहतात. तिसऱ्या वर्षानंतर भरती बंद होते आणि मग कितीही उन्हात उभं करा, नवी ग्रंथी कामावर येत नाही. हवा अंगापेक्षा गार असेतो तिच्यावाचून अडत नाही, वाऱ्यानं भागतं. पण बाहेर अठ्ठेचाळीस अंश असले, की वारा उलट अंग तापवतो. मग आतली उष्णता बाहेर काढायला उरतो फक्त घाम. तो सुकताना उष्णता घेऊन जातो. “आणि ज्याला घाम नाही,” बाई म्हणाल्या, “तो माणूस म्हणजे शिट्टी नसलेला कुकर.”

अकोल्याला बाकीचं व्याख्यान कळलं नाही, कुकर कळला. पाळण्यांचा खप बसला.

“नुसत्या पाळण्याच्या नावानं काहून बोंबलून राह्यली ही बाई?” भुयार दुकानात तावातावानं सांगत. “घरात एसी, गाडीत एसी, शाळेत एसी. माहा पाळणा तेवढा दिसला तिले?”

यातलं निम्मं खरं होतं. भुयारांचं बोलणं नेहमी निम्मं खरं असे. धंद्याला तेवढं पुरतं.

जुईनं ते व्याख्यान पुण्याच्या आपल्या ऑफिसात बसून ऐकलं होतं. एप्रिलमध्ये ती घरी आली तेव्हा पिशवीतून आयोडीनची बाटली काढली, स्वयंपाकघरातला आरारोटाचा डबा घेतला आणि बापाला गच्चीत बोलावलं. ऊन उतरलं होतं, पण फरशी अजून चटके देत होती.

“हात पुढे करा, बाबा.”

“काय मेंदी काढून राह्यली का?”

तिनं त्यांच्या आणि आपल्या हाताला आयोडीन चोपडलं, ते सुकल्यावर वर आरारोट भुरभुरवलं आणि थांबली. घामाचा थेंब जिथे फुटेल तिथे आरारोट ओलं होऊन निळंकाळं पडतं, एवढंच त्यातलं शास्त्र. भुयारांचा हात बघता बघता जांभळ्या शाईत बुडवल्यासारखा झाला. जुईचा हात पिवळाच राहिला. बऱ्याच वेळानं कोपराजवळ मोहरी सांडावी तसे थोडे ठिपके उमटले.

“बघा,” जुई म्हणाली. “तुमच्याकडे एवढं होतं, आणि मला किती मोजून दिलंत.”

भुयारांनी हात धोतरासारखा झटकला. “ते आयोडीन जुनं असंल.”

“एकाच बाटलीतलं आहे, बाबा.”

जिन्यात उभी असलेली तिची आई, कल्पनाताई, तेव्हा बोलली. “जे थोडे ठिपके दिसतेत नं, ते माह्ये हायेत. लाइट गेली, की तुह्या बाबाच्या चोरून मी तुले या गच्चीत आणत होती. एकदा त्यायनं पाह्यलं, तं आठ दिवस बोलले नाहीत माह्याशी.”

“तेव्हा कोणाले मालूम होतं?” भुयार म्हणाले.

“तेव्हा नव्हतं. आता हाय नं?” कल्पनाताई म्हणाली आणि खाली गेली.

आता काळमेघांकडचं. शार्दूल काळमेघ आणि जुई नागपूरला एका वर्गात शिकले होते आणि दोघांचं आधीच ठरलं होतं. उरला होता तो रीतीचा पाहण्याचा कार्यक्रम, आणि रीत शार्दूलच्या आईच्या, विमलताईंच्या हातात होती. एक काळ असा होता, की मुलगी बघायला आले की चालून दाखव म्हणायचे, सुईत दोरा ओव म्हणायचे. आता वऱ्हाडात नवी रीत पडली होती, आणि कुणी ती तोंडानं बोलत नसे. विमलताई सोफ्यावर टेकल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “एसी बंद करा नं जी जरा. मले गारठा बाधते.”

बाहेर चव्वेचाळीस होते. एसी बंद झाला. पंखाही. सगळे कैरीच्या पन्ह्याचे ग्लास हातात धरून हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले आणि सगळ्यांचे डोळे जुईच्या वरच्या ओठाकडे. भुयारांच्या कपाळावरून धारा लागल्या, काळमेघांचा सदरा पाठीला चिकटला, विमलताईंचं कुंकू ओघळलं. जुईचा ओठ कोरडा.

जुईनं ग्लास गालाशी नेला. बर्फाच्या पन्ह्यानं ग्लासाला बाहेरून दव आलं होतं. पदर सारखा करायच्या निमित्तानं तिनं ओली बोटं ओठावर आणि कपाळावर फिरवली. शार्दूलनं ते पाहिलं आणि मान खाली घालून हसू दाबलं. विमलताईंनाही थेंब दिसले.

“लाव वं एसी,” त्या सैलावून म्हणाल्या. “पोरगी चांगली हाय. दिवस असे आले, बाप्पा. आमच्या वेळी घाम दिसू नये म्हणून पावडर थापत होते.”

घाम ग्लासाला आला, पसंती पोरीला मिळाली. त्या रात्री भुयार खुशीत होते आणि खुशीतच त्यांना दुपारच्या मुहूर्ताची कल्पना सुचली. दोन्ही व्याही फोनवर बोलले. काळमेघांच्या थंड बालवाड्यांना पालकांनी विरोध सुरू केला होता, त्यामुळे मुलाचे वडील म्हणून नाही तरी संस्थेचे अध्यक्ष म्हणून त्यांना कल्पना एकदम पटली. वर्तमानपत्रवाले, कंपनीचे साहेब, सगळ्यांना बोलवायचं ठरलं.

जुई ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, “मी मरेन त्या मांडवात, हे माहीत आहे ना तुम्हाला?”

“काही नाही होत. मी करतो नं बंदोबस्त.” त्यांनी गोठवलेल्या जेलच्या चपट्या पिशव्या आणून दाखवल्या. त्या शालूच्या आत पाठीला आणि पोटाला बांधल्या, की दिसणार नाहीत आणि अक्षता पडेपर्यंत गारवा देतील. “जरा जरी तब्येत बिघडली, तं तू मुंडावळीले हात लाव. मी पाहूनच राहीन. त्याच मिनिटाले आवरतं घेतो.”

जुईनं पिशव्या हातात तोलून पाहिल्या. ती त्यांचीच पोर. फुकट काही द्यायची नाही.

“मी उभी राहते. शेवटची अक्षता पडेपर्यंत. पण त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाळणे बंद. गोदामातले सुद्धा भंगारात.”

“बंद.”

“माझ्या डोक्यावर हात ठेवून बोला.”

भुयारांनी ठेवला. त्या वेळी ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलायची गरज पडेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मांडव उघड्या मैदानात होता. वर नुसतं पांढरं कापड, कडेला पिण्याच्या पाण्याचे निळे जार, आणि एका खांबाला मोठं तापमापक टांगलेलं. ती भुयारांचीच कल्पना. फोटोत यायला हवं होतं. त्याच्यात सत्तेचाळीस दिसत होते. जुई बोहल्यावर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. लग्नात नवरी आल्यावर टाळ्या वाजलेल्या अकोल्यानं पहिल्यांदाच ऐकल्या. मागे पुष्पाआत्या गुलाबपाण्याची छोटी बाटली घेऊन उभी होती. अधूनमधून ती जुईच्या कपाळावर दोन थेंब लावी. त्यानं गारवा येत नव्हता, नुसता घाम दिसत होता; आणि ठरलंही तेवढंच होतं.

अंतरपाट धरला. भटजींनी घसा साफ केला. पिशव्या गार होत्या. मंगलाष्टकं झाली असती, अक्षता पडल्या असत्या आणि ही गोष्ट लिहायची गरजही उरली नसती.

पण आपल्याकडे माईक आणि माणसं एका जागी आली, की सत्कार केल्याशिवाय चैन पडत नाही. भुयारांनी माईक हातात घेतला. “मुहूर्ताले वेळ हाय थोडा. तेवढ्यात आपल्या पाहुण्यायचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू.”

सत्तेचाळीस अंशांत शाली. काळमेघांना झाली, संस्थेच्या सचिवांना झाली, नगरसेवकांना झाली. नगरसेवक दोन शब्द बोलले. त्यांचे दोन शब्द कधीच दोन नसतात. शाल पांघरलेला प्रत्येक माणूस हसत हसत घामानं निथळत खाली उतरत होता, आणि अंतरपाटाआड एकटी जुई कोरडी उभी होती. पिशव्या आधी नरम झाल्या, मग कोमट झाल्या, मग अंगाला चिकटून त्याच ऊब धरायला लागल्या. अंतरपाटाच्या पलीकडून शार्दूलनं हलकेच विचारलं, “बरी आहेस ना?” ती हो म्हणाली. तिला अक्षता दिसत होत्या. तांदूळ लोकांच्या मुठीत वाट पाहत होते.

मग तिनं मुंडावळीला हात लावला.

भुयारांनी ते पाहिलं. हे फक्त त्यांना ठाऊक आहे, म्हणून इथे लिहून ठेवलं पाहिजे. त्यांनी पाहिलं, नीट पाहिलं. त्यांच्या हातात एक शाल होती, शेवटची, आणि समोर कंपनीचे विभागीय साहेब मान किंचित वाकवून उभे होते. पाच जिल्ह्यांचं वितरण त्या मानेवर अवलंबून होतं. एकच शाल तर उरली आहे, भुयारांच्या मनात आलं. एका शालीनं काय होतंय.

शाल पांघरली. साहेबांनी माईक मागितला.

पहिलं मंगलाष्टक सुरू झालं तेव्हा जुईनं पुन्हा हात उचलला, पण तो मुंडावळीपर्यंत पोचला नाही. जुईच्या मावशीनं स्वतः रचलेलं कडवं म्हणायला घेतलं. त्यात ‘भुयारांची शीतल कन्या’ असं काहीतरी होतं. ‘सावधान’ म्हणताना लोकांनी अक्षता टाकल्या, आणि ती अंतरपाट घेऊनच खाली गेली.

लोकांना आधी वाटलं, चक्कर आली. पुष्पाआत्यानं गुलाबपाणी शिंपडलं, कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल शोधली, की फिट असेल. कल्पनाताईनं गर्दी फोडून पोरीच्या अंगाला हात लावला आणि तो तव्यावर पडल्यासारखा मागे घेतला. डोळे उघडे, कातडी खणखणीत कोरडी. इस्पितळात ढोक डॉक्टरीणबाईंना बोलावलं, तेव्हा त्यांनी कुणालाही काही सुनावलं नाही. एवढंच विचारलं, “मांडवात पिण्याच्या पाण्याचे जार होते ना? एक तिच्या अंगावर ओतला का नाही कुणी?”

भुयारांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खरं उत्तर असं होतं, की मेकअप केलेला होता.

जुई वाचली. बाई म्हणाल्या, त्या थोड्या ग्रंथी तिला काही काळ तरी पुरल्या; त्याही नसत्या, तर दवाखान्यापर्यंत पोचली नसती. म्हणजे कल्पनाताईनं गच्चीत चोरून दिलेलं तेवढं कामी आलं. पण मेंदूचा जो भाग तोल सांभाळतो, तो उष्णतेनं भाजला. आता ती भिंत धरून चालते, पाय एकीकडे आणि मन एकीकडे जातं. बोलणं सावकाश, एकेक अक्षर जोखून. हे बरं होणार नाही.

शार्दूल दोनदा भेटायला आला. रडला, चांगला पोरगा आहे. तिसऱ्यांदा विमलताई आल्या. “अंतरपाट दूर झाला नव्हता जी,” त्या कल्पनाताईला म्हणाल्या. “म्हणजे लग्न झालं नाही. तुमच्याच पोरीच्या भल्यासाठी सांगून राह्यली.” दिवाळीत शार्दूलचं लग्न झालं. पोरगी अकोटकडची, टिनाच्या घरात वाढलेली. बायोडेटात उंचीच्या खाली ओळ होती : ‘लहानपणी भरपूर घामोळं.’

अकोल्यानं या सगळ्यातून काय धडा घ्यावा? लोकांनी विचार केला, आणि दोष मांडवाचा ठरला. उघड्या मांडवात लग्न करणं हाच मूर्खपणा. ज्यांना घाम येत नाही त्यांना तर एसी हवाच हवा. आणि एकदा आयुष्यभर एसीच लागणार म्हटल्यावर सुरुवात पाळण्यापासून केलेली काय वाईट? भुयारांनी ‘बंदिस्त थंड मांडव’ भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि त्या हंगामात त्यांना एक तारीख रिकामी राहिली नाही. काळमेघांच्या बालवाड्यांना मंजुरी मिळाली. साहेबांना बढती मिळाली. गोदामातली धूळ झटकली गेली.

एका दुपारी दुकानासमोर टेम्पो भरत होता. घर वरच्या मजल्यावर. जुई भिंत धरत, कठडा धरत खिडकीपर्यंत आली. खाली काचेची झाकणं उन्हात चमकत होती. भुयार हिशेबाला वर आले, तेव्हा तिनं बोट दाखवलं.

“पा... ळणे.” मग बऱ्याच वेळानं, “बंद... म्हणाला... होतात.”

भुयार तिच्याजवळ बसले. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, मान पुसली. घाम थांबेना. त्यांच्या कातडीतल्या सगळ्या ग्रंथी लहानपणीच कामाला लागलेल्या, पिढीजात उन्हात तयार झालेल्या.

“बेटा,” ते मायेनं म्हणाले, आणि माया खोटी नव्हती, “शेवटची अक्षता पडेपर्यंत, असं ठरलं होतं नं आपलं? तू त्याच्या आधीच...”

सौद्यात ते नेहमीच अक्षराला धरून असत.

जुईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती टेम्पोकडे बघत होती. स्वयंपाकघरातून कल्पनाताई आली, भुयारांच्या हातातला रुमाल काढून घेतला आणि तो खिडकीबाहेर टाकून आत निघून गेली.

तर हिशेब असा जमला. भुयारांना धंदा, काळमेघांना बालवाड्या, साहेबांना बढती, विमलताईंना घाम येणारी सून, नगरसेवकांना शाल. देणाऱ्यांच्या बाजूला बघावं, तर जुई एकटीच दिसते. पण तसं नाही. बाकीचे अजून पाळण्यात आहेत.